तार एकच, बिलं दोन

गोरेगावच्या आमच्या इमारतीत जिन्याखाली एक अंधारी खोली आहे. दार नेहमी थोडं उघडं, कोपऱ्यात झाडू आणि रंगाचे रिकामे डबे, आणि समोरच्या फळीवर दोन ओळींत चोवीस मीटर. पूर्वीचे मीटर काळे होते, पुढे काचेची खिडकी आणि आत आडवी फिरणारी ॲल्युमिनियमची चकती. चकतीच्या कडेला एक खूण असायची. ती समोरून गेली की एक फेरा झाला. लहानपणी मी त्या खोलीत उभी राहून कुणाची चकती किती जोरात फिरते ते बघत असे. तिसऱ्या मजल्यावर इमारतीतला पहिला एसी आला, त्या उन्हाळ्यात त्यांच्या चकतीवरची खूण दिसेनाशीच झाली. नुसती एक चकचकीत रेघ दिसायची.

ही आवड बाबांकडून आली. बाबा बीएसईएसमध्ये, म्हणजे मुंबईच्या उपनगरांना वीज पुरवणाऱ्या बॉम्बे सबर्बन कंपनीत, मीटर रीडर होते. खांद्याला पिशवी, हातात टॉर्च, बगलेत लांबट वही. मालाड, कांदिवलीच्या चाळी आणि इमारती पायी फिरून ते रीडिंग घेत. संध्याकाळी घरी आले की पाय कोमट पाण्यात बुडवून बसत आणि आईला दिवसाच्या गोष्टी सांगत, पण कुणाचं नाव मात्र घेत नसत. "मीटर घरातलं सगळं सांगतो, म्हणून ते बाहेर सांगायचं नसतं," असं त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. एखाद्या घरात युनिट एकदम वाढले, तर बाळंतपण असेल किंवा गावाहून माणसं आली असतील. एकदम अर्ध्यावर आले, तर कुणीतरी गेलं असेल, नाहीतर नोकरी सुटली असेल. १९८२च्या गिरणी संपाच्या वेळी मालाडच्या बैठ्या चाळींमधली रीडिंगं महिन्यामागून महिना उतरत गेली. आधी पंखे बंद झाले, मग एकच दिवा राहिला, आणि मग काही मीटरांची चकती थांबलीच. संप किती लांबला हे आपल्याला वहीतून कळलं, असं बाबा म्हणायचे.

त्यामुळे आमच्या घरी लाइट बिल नुसतं भरलं जात नसे, ते आधी वाचलं जाई. स्थिर आकार, वीज आकार, इंधन समायोजन आकार, त्यावर वीज शुल्क. मला पाढ्यांच्या आधी या ओळी पाठ झाल्या असतील. बाबांनी दरांची उतरंड समजावून सांगितली ती आमच्याच जिन्याच्या पायऱ्यांवर बसून. पहिली पायरी १०० युनिटांची, दुसरी ३००पर्यंतची, तिसरी ५००पर्यंतची, त्यावर चौथी. प्रत्येक पायरीला दर चढत जातो. पहिल्या पायरीवरच्या युनिटाला कंपनीला जो खर्च येतो त्याहून कमी पैसे घ्यायचे, आणि ती तूट वरच्या पायऱ्यांवरून, दुकानांकडून आणि ऑफिसांकडून भरून काढायची. "म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचा एसी खालच्या बैठ्या चाळीतला दिवा थोडासा उजळतो," असं बाबा म्हणाले होते. मी तेव्हा आठवीत होते. वीजदर म्हणजे शेजाऱ्यांनी न बोलता केलेला एक करार असतो, हे माझ्या मनात तेव्हापासून रुतून बसलं आहे.

मुंबईबाहेरच्या माणसाला या शहराची वीज समजावून सांगायची तर जरा वेळ लागतो. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत बेस्ट. मूळची १९०५ची ट्राम आणि वीज कंपनी, १९४७मध्ये महापालिकेने ती ताब्यात घेतली. त्याच्या वर पश्चिम आणि पूर्व उपनगरांत बॉम्बे सबर्बन, १९२९मध्ये स्थापन झालेली. २००२-०३च्या सुमारास ती रिलायन्सकडे गेली आणि २०१८मध्ये अदानींकडे. भांडुप-मुलुंड मुंबईतच, पण वीज मात्र राज्याच्या मंडळाची, आता महावितरणची. आणि पहिल्या दोघींच्या पाठीमागे टाटांची वीज कंपनी. बेस्टलाही घाऊक वीज तीच देत असे आणि बॉम्बे सबर्बनलाही तीच. १९९५मध्ये डहाणूचं ५०० मेगावॉटचं केंद्र सुरू होईपर्यंत बाबांच्या कंपनीकडे स्वतःची वीजनिर्मितीच नव्हती. दुसऱ्याकडून घ्यायची आणि आपल्या तारांतून घरोघरी पोचवायची.

टाटांची मूळची वीज येते सह्याद्रीतून. खोपोलीचं वीजघर १९१५चं, भिवपुरी १९२२चं, भिरा १९२७चं. घाटमाथ्यावर तळी बांधायची, पूर्वेला वाहणारं पाणी अडवायचं, बोगद्यातून आणि पाइपांतून ते पश्चिमेला कोकणात खाली सोडायचं आणि त्या उडीवर चाकं फिरवायची. यातलं भिऱ्याचं पाणी मुळशीच्या धरणाचं. आईचं माहेर पौडजवळचं, आणि तिच्या आजोबांची भाताची खाचरं त्या धरणाच्या पाण्याखाली आहेत.

आमच्या घरात मुळशीचा सत्याग्रह कुणी कधी इतिहास म्हणून सांगितला नाही. आई जात्यावरच्या ओवीसारखा सांगायची. १९२१च्या रामनवमीला मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. "जान किंवा जमीन" ही घोषणा. सेनापती बापट तिथेच सेनापती झाले आणि तिथूनच पुन्हा पुन्हा तुरुंगात गेले. शेवटी सरकारने १८९४च्या भूसंपादन कायद्याने जमीन घेतली, धरण झालं, गावं हलली. आईच्या आजीने म्हणे जाताना देवघरातल्या टाकांबरोबर उंबऱ्याची माती फडक्यात बांधून घेतली होती. ती माती पुढे कुठे ठेवली, कुणाला माहीत नाही.

बाबा कंपनीतून २००४मध्ये निवृत्त झाले. त्याआधीच्या वर्षी देशाचा नवा वीज कायदा आला होता. एकाच भागात दोन कंपन्यांना परवाना देता येईल असं त्यात होतं. मुंबईत ही गोष्ट नुसती कागदावर राहिली नाही, कारण टाटांकडे जुना परवाना होताच. भांडण एवढंच होतं, की त्या परवान्यावर त्यांनी घाऊक वीज विकायची की घराघरांतही विकायची. ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि जुलै २००८मध्ये निकाल लागला: घराघरांतही विकता येईल.

त्यानंतरचा उन्हाळा आमच्या भागातल्या लोकांना अजून आठवत असेल. जून २००९मध्ये उपनगरांचे दर वाढले, मोर्चे निघाले, बिलं जाळली गेली, सगळे पक्ष रस्त्यावर आले. महिन्याभरात राज्याच्या वीज नियामक आयोगाने, म्हणजे वीजदर ठरवणाऱ्या संस्थेने, त्या दरवाढीला स्थगिती दिली. आमच्या सोसायटीत त्या संध्याकाळी कुणीतरी पेढे वाटले. बाबांनी पेढा घेतला, पण ते गप्प होते. मी विचारलं तर म्हणाले, "अगं, वीज तर आणून वापरून झाली. तिचे पैसे कुणाच्या तरी वहीत मांडलेले राहणारच."

आणि १५ ऑक्टोबर २००९ला आयोगाचा आदेश निघाला: उपनगरातल्या ग्राहकाला आता टाटांची वीज घेता येईल, तारा मात्र जुन्याच कंपनीच्या वापरायच्या. त्या वापराचं भाडं बिलात वहन आकार म्हणून भरायचं. दिवाळीच्या आसपास सोसायटीत फॉर्म आले. सेक्रेटरींनी नोटीस बोर्डावर दोन्ही कंपन्यांचे दर शेजारी शेजारी लिहून लावले. फरक डोळ्यांत भरेल एवढा होता.

त्या रात्री आमच्या घरी झालेलं बोलणं मला जवळजवळ शब्दशः आठवतं.

"अहो, फॉर्म भरायचा का?" आईने वाढता वाढता विचारलं.

"भर की. सही माझी लागेल, मीटर माझ्या नावावर आहे."

"तुमची कंपनी म्हणून विचारलं."

"कंपनीचं सोड. मला पेन्शन लाइट बिलातून थोडीच मिळते?" मग थोड्या वेळाने, भात कालवत, "पण वीज तीच येणार आहे हे लक्षात ठेव. तीच केबल, तोच ट्रान्सफॉर्मर. फ्यूज उडाला तर आमच्याच ऑफिसातला पोरगा येणार."

"मग स्वस्त कशी?"

"त्यांच्याकडे तळी आहेत. बांधून शंभर वर्षं होत आली. कर्ज कधीच फिटलं. पावसाच्या पाण्याला इंधनाचा पैसा लागत नाही."

आई हातातली पळी तशीच धरून उभी राहिली. "ते पाणी कुणाच्या शेतात उभं आहे ते मला नका सांगू," ती म्हणाली. "माझ्या आजोबांच्या खाचरांवरची वीज आहे ती. ऐंशी वर्षं दुसऱ्यांनी वापरली. आता मला चार पैसे स्वस्त मिळत असेल तर मी का नको घेऊ?"

बाबांकडे याचं उत्तर नव्हतं. माझ्याकडे आजही नाही. एखाद्या वस्तूची किंमत खाली येते तेव्हा ती कुणीतरी आधीच भरलेली असते. बिलात त्या माणसासाठी ओळ नसते.

दुसऱ्या दिवशी बाबांनी सही केली. आमचा वापर तेव्हा महिन्याला १८० युनिटांच्या आगेमागे होता.

त्या वर्षभरात आमच्या चोवीस घरांतली चौदा टाटांकडे गेली. कोण गेलं हे बघण्यासारखं होतं. सगळ्यांत आधी तिसरा मजला, तो एसीवाला. मग ज्यांच्याकडे दोन एसी होते ते. मग शिकलेली, हिशेब मांडून बघणारी आमच्यासारखी मधली घरं. जी उरली त्यांत तळमजल्यावरच्या माई होत्या, ८० युनिटवाल्या. त्यांना पहिल्या पायरीवर फारसा फरकच दिसत नव्हता, आणि फॉर्मवर सही करायला मुलगा दुबईहून यायचा होता. आणि मागची बैठी चाळ तर जवळजवळ सगळीच उरली. तिथे अर्ध्या घरांचे मीटर मूळ मालकाच्या नावावर, तो गावी किंवा देवाघरी. भाडेकरूने फॉर्म भरायचा कसा?

आता बाबांनी जिन्यावर बसून सांगितलेल्या पायऱ्या आठवा. वरच्या पायऱ्यांवरची माणसं निघून गेली. खालच्या पायरीवरची तूट भरून काढणारेच गेले. उपनगरातल्या हजारो इमारतींत हेच झालं, आणि आमच्या मीटररूममध्ये उभं राहून ते डोळ्यांनी दिसत होतं. जुन्या कंपनीकडे कमी वापराची घरं राहिली, तारा सांभाळायचा खर्च राहिला, आणि पेढे वाटून थांबवलेल्या दरवाढीची बाकीही राहिली. तिला नियामक मत्ता असं जड नाव आहे. साध्या भाषेत, वसूल न झालेली उधारी. त्यावर व्याज चढत होतं.

मग आयोगाने ठिगळं लावायला सुरुवात केली, आणि त्याला दुसरा मार्गही नव्हता असं मला प्रामाणिकपणे वाटतं. २०११मध्ये जाणाऱ्यांवर क्रॉस सबसिडी अधिभार बसला, म्हणजे तुम्ही दुकान बदललंत तरी मागे राहिलेल्या शेजाऱ्याचा वाटा तुमच्या बिलातून जाणार. पुढे जुन्या उधारीचा आकारही गेलेल्यांच्या बिलात आला, कारण ती वीज त्यांनीही वापरली होती. ऑगस्ट २०१२च्या आदेशात आयोगाने सांगितलं, की आता वर्षभर महिना ३०० युनिटांपर्यंतच्या घरगुती ग्राहकांनाच टाटांकडे जाता येईल, आणि टाटांनी ११ विभागांत स्वतःच्या तारांचं जाळं टाकावं. मलई तेवढी उचलून नेता येणार नाही, दूधही घ्यावं लागेल, असा त्याचा अर्थ.

बाबांना या आदेशातला पहिला भाग पटला, दुसऱ्याने ते अस्वस्थ झाले. "एका रस्त्यात दोन केबल?" असं ते सारखं म्हणत. पदपथाखाली काय काय आहे हे त्यांना पायांनी माहीत होतं. पाण्याची लाइन, गटार, टेलिफोन, गॅस. पावसाळ्याआधी खणलेला चर आणि पावसाळ्यात त्यात पडलेली स्कूटर त्यांनी आयुष्यभर पाहिली होती. आणि त्या दुसऱ्या केबलचे पैसे शेवटी बिलातच येणार. एका विहिरीवर दोन रहाट बसवले म्हणून पाणी दुप्पट होत नाही. खर्च मात्र होतो.

इथे मला एक गोष्ट फार उशिरा कळली, आणि ती कळल्यावर सगळ्या प्रकरणाकडे बघायची माझी नजर बदलली. आपण म्हणत होतो स्पर्धा. २०११च्या जानेवारीत मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलता यायला लागली होती, तसंच हे, असं सगळे म्हणत. पण मोबाइल कंपनी आपला दर आपण ठरवते. इथे कंपनीचा खर्च तपासून दोघांचेही दर ठरत होते कफ परेडच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमधल्या एकाच आयोगाच्या कार्यालयात. दोन कंपन्या असतील तिथे आयोगाने फक्त कमाल मर्यादा ठरवावी, त्याखाली त्यांना चढाओढ करू द्यावी, अशी सोय कायद्यात आहे. मुंबईत तसं झालं नाही. एक आकडा स्वस्त दिसला तो त्या कंपनीने ग्राहकासाठी काही नवीन केलं म्हणून नव्हे. तिच्या वाट्याला जुनी तळी आली होती आणि दुसरीला बाजारातून महाग वीज घ्यावी लागत होती. पूर्वी टाटांची जी वीज बाबांच्या कंपनीला घाऊक मिळायची, ती वादांनंतर बंद झाली. म्हणजे एकाच तळ्याचं पाणी एका माठातून दुसऱ्या माठात ओतलं गेलं होतं, आणि आम्ही रांगेत उभे राहून दुसऱ्या माठाकडे गेलो होतो.

तळीही मोजकीच. खोपोली, भिवपुरी, भिरा तिन्ही मिळून साधारण ४४७ मेगावॉट. मुंबईची गरज तीन हजारांच्या वर. पहिला ग्राहक आला तेव्हा त्याच्या वाट्याला तळ्याची वीज बरीच होती. लाखो आल्यावर तीच वीज सगळ्यांत वाटली गेली, आणि उरलेली कोळशाची, गॅसची, विकत घेतलेली. दर वर सरकत गेले. आमच्या इमारतीतले दोन-तीन मोठ्या वापराचे फ्लॅट काही वर्षांनी परतही आले, कारण अधिभार धरून त्यांना आता जुनीकडे स्वस्त पडत होतं. मीटररूममध्ये बाबा मला दाखवायचे: हा गेला, हा परत आला, हे अजून ठरवताहेत. तारांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्या सगळ्यांकडे तीच ५० हर्ट्झची वीज नेत होत्या.

माझी मैत्रीण दादरला राहते, बेस्टच्या हद्दीत. तिला निवडच नव्हती. बेस्ट ही महापालिकेची, म्हणजे स्थानिक प्राधिकरण, आणि स्वतःच्या तारा दुसऱ्याला वापरू देण्याची सक्ती कायद्याने तिच्यावर नाही. सर्वोच्च न्यायालयानेही ते मान्य केलं. शिवाय तिच्या बिलात कित्येक वर्षं परिवहन विभागाच्या तोट्यासाठी एक आकार असायचा. तिच्या घरातला फ्रिज लाल बसची तूट भरत होता. ती चिडायची. मला मात्र त्या ओळीबद्दल एक आदर वाटायचा, कारण ती बिलावर स्पष्ट छापलेली होती. कोण कुणासाठी किती भरतंय हे वाचता येत होतं.

माझा मावसभाऊ टेक्ससमध्ये असतो. तिकडे घरगुती वीज विकणाऱ्या डझनावारी कंपन्या आहेत, आणि तारांची कंपनी वेगळी. तारा एकाच्या, विक्रेते अनेक, दर बाजाराचा. फेब्रुवारी २०२१मध्ये तिथे बर्फाचं वादळ आलं, वीजनिर्मिती ठप्प झाली आणि घाऊक बाजारातला दर मर्यादेला जाऊन टेकला: एका युनिटाला ९ डॉलर, म्हणजे तेव्हाचे साडेसहाशे रुपये. ज्या घरांनी बाजाराच्या दरानेच वीज घ्यायचा करार केला होता त्यांना काही दिवसांत हजारो डॉलरची बिलं आली. भावाचा दर ठरलेला होता, म्हणून तो त्या बिलांतून वाचला. त्याच्या शेजारच्या घरात म्हातारं जोडपं होतं, त्यांना मात्र तसलं बिल आलं. तो फोनवर सांगत होता, की त्यांनी तो करार घेतला तेव्हा बाहेर वसंत ऋतू होता आणि वीज फार स्वस्त मिळत होती.

आपल्याकडेही २००८पासून वीज एक्सचेंज आहे. दर पंधरा मिनिटांसाठी वेगळा भाव ठरतो. एप्रिल २०२२च्या उन्हाळ्यात भाव एवढे चढले, की केंद्रीय आयोगाला युनिटाला १२ रुपयांची मर्यादा घालावी लागली. आपल्या घरापर्यंत हा बाजार थेट येत नाही. तो इंधन समायोजन आकार होऊन येतो, काही महिने उशिरा, एका ओळीत. त्या उशिरात एक संरक्षण आहे. पण वीज महाग असताना पंखा एक आकडा कमी करावा हे आपल्याला त्या दिवशी कळत नाही, हा तोटाही त्यातच आहे.

१२ ऑक्टोबर २०२०ला सकाळी दहाच्या सुमाराला जवळजवळ सगळी मुंबई बंद पडली. लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. करोनाचे दिवस, अर्ध्या इमारतीचं घरून काम चाललेलं. सगळे जिन्यात आले. बेस्टची मैत्रीण, मुलुंडची मावशी, आम्ही, मागची चाळ, सगळे एकाच वेळी अंधारात. बाबा तेव्हा बहात्तर वर्षांचे. टॉर्च घेऊन सवयीने मीटररूममध्ये गेले आणि लगेच परत आले. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

बाबा २०२२च्या पावसाळ्यात गेले. पुढच्या महिन्याच्या बिलात आमचे युनिट कमी भरले. मी तो आकडा बराच वेळ बघत बसले होते.

जानेवारी २०२३मध्ये महावितरणच्या कर्मचाऱ्यांनी संप केला. भांडुप, मुलुंड, ठाणे, नवी मुंबई, पनवेल, उरण या पट्ट्यात अदानींनी समांतर परवाना मागितला होता, त्याविरुद्ध. पहिल्याच दिवशी बोलणी होऊन संप मिटला, पण प्रश्न तसाच राहिला. त्याच्या पाच महिने आधी लोकसभेत विधेयकही आलं होतं: एकाच तारांवर अनेक कंपन्यांनी वीज विकावी. संप चालू होता त्या सकाळी मुलुंडहून मावशीचा फोन आला. ती माझ्या आईची धाकटी बहीण, ती मुळशीची माती तिच्याही रक्तात आहे. "तुमच्याकडे दहा-बारा वर्षं हे चालू आहे. आमच्याकडे दुसरी कंपनी आली तर घ्यावी का गं?"

मी तिला जे सांगितलं ते इथेही लिहिते. निवड असावी. एकच दुकान असलं की दुकानदार सुस्तावतो, हे घरात बसून आम्ही दोन्ही बाजूंनी पाहिलं आहे, आणि दुसरी कंपनी दारात आल्यावर पहिलीचा फोन लवकर उचलला जायला लागला हेही खरं. पण तार एकच असावी, आणि ती विकणाऱ्यांपैकी कुणाचीच नसावी. आणि खालच्या पायरीवरच्या दिव्याचे पैसे शेजाऱ्याच्या एसीतून गुपचूप काढू नयेत. ते राज्याच्या तिजोरीतून उघड द्यावेत, कायद्यातही तसं करायची वाट आहे. मग तिसरा मजला कुठेही जाऊ दे, चाळीचं बिल वाढणार नाही. हे न करता नुसती दारं उघडली, तर ज्यांच्या नावावर मीटर नाही, ज्यांचा मुलगा दुबईत आहे, ज्यांना फॉर्म वाचता येत नाही, ते मागे राहतील आणि गेलेल्यांचं ओझं त्यांच्याच डोक्यावर येईल. तसं झालं तर मी त्या स्पर्धेच्या विरोधात उभी राहीन.

मावशीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पण माझं काय?"

"तुझे युनिट किती येतात?"

"बिल कुठे ठेवलंय बघावं लागेल."

"बिल नको. खाली जाऊन मीटर बघ."

ती फोन कानाला लावूनच खाली उतरली. चपलांचा आवाज, मग दार, मग तिचा श्वास. "आकडे सारखे बदलतायत गं. आत्ता तारीख आली. आता वेळ."

"थांब जरा. आकड्याशेजारी केडब्ल्यूएच अशी इंग्रजी अक्षरं येतील. तेव्हाच वाचायचं."

"तुझे बाबा असंच सांगायचे," ती म्हणाली. मी वही उघडली, बाबांचीच, लांबट, आणि तारीख लिहून शेजारची जागा मोकळी ठेवली. मुलुंडच्या त्या मीटररूममध्ये मावशी पडद्यावर अक्षरं यायची वाट बघत उभी होती.